केसभर रेघ

अकरा फळ्या अण्णांनी सुतारी घोड्यांवर ओळीने मांडल्या होत्या. इतक्या गुळगुळीत, की माशी बसली तर घसरून पडावी. शेजारी स्वतः उभे होते, हातात रंधा, केसांत भुसा, आणि चेहऱ्यावर शाळेत पहिला नंबर आलेल्या पोरासारखा आनंद. ताईने फाटक लोटून सुतारखान्याच्या आवारात पाऊल टाकलं आणि तिच्या चपलेखाली पहिली ढलपी चुरली.

ढलप्या आवारभर पसरल्या होत्या. कुरळ्या, पातळ, एका अंगाने मधासारख्या पिवळ्या आणि दुसऱ्या अंगाने चंदेरी करड्या. त्या करड्या अंगासाठी या घराने नऊ वर्षं कळ काढली होती.

"बघतेस काय नुसती? हात फिरवून बघ," अण्णा म्हणाले. "उजाडता उजाडता लागलो कामाला. आज बंदरकचेरीवर जायच्यात ना या? नुसत्या मळल्या होत्या गं. उघड्यावर कुणी टाकल्या होत्या देव जाणे! आपल्या दारातून मळकी फळी बाहेर गेलेली नाही कधी. माझ्या बापाच्या वेळेपासून नाही."

उघड्यावर टाकल्या होत्या त्या अण्णांनीच. आई गेली त्या वर्षी त्यांनी सागाच्या शंभर फळ्या निवडून मागच्या भिंतीलगत मांडणीवर ठेवल्या, एकच अंग वर, आणि सगळ्यांना दम भरला की यांना तेल नाही, रंग नाही, ताडपत्री नाही. ऊन आणि पाऊस काय करतील ते करू दे. बंदरकचेरीचा पाण्याकडचा लाकडी सज्जा आज ना उद्या दुरुस्तीला उघडावा लागणार, तेव्हा त्या करड्या जुन्या फळ्यांशेजारी शोभेल अशी फळी कुणाकडे तरी हवी की नको? लोक हसले. अण्णांनी मनावर घेतलं नाही. दर महिन्याच्या एक तारखेला ते फळ्यांची टोकं बदलत, म्हणजे भिंतीच्या सावलीतलं टोक उन्हात यावं. "वय काही डब्यात भरून मिळत नाही," असं म्हणायचे. नऊ वर्षांनी सज्जा खरंच उघडला, आणि ज्या वास्तुतज्ज्ञ बाईंकडे ते काम होतं त्या फळ्या बघून म्हणाल्या, "अण्णा, तुम्ही माझीच वाट बघत होतात की काय?"

एकोणनव्वद फळ्या बसल्या होत्या. उरलेल्या अकरा आज बसायच्या होत्या. दुपारी चारला बाई शेवटची पाहणी करणार होत्या आणि शेवटचा स्क्रू अण्णांच्या हातून पिळायचा, असं बाईंनीच ठरवलं होतं.

"बोल की," अण्णा म्हणाले. "कशा झाल्यात?"

ताई पन्नाशीला टेकली होती. लाकडाबद्दल ती बापाशी उभ्या आयुष्यात खोटं बोलली नव्हती.

"छान झाल्यात, अण्णा," ती म्हणाली.

तिने त्यांच्या हातातून रंधा घेतला, जाऊन चहा घ्या म्हणून सांगितलं, आणि ते गेल्यावर ढलप्यांच्या ढिगात मटकन खाली बसली. रंधा मांडीवर होता. लहानसा, मुठीत मावणारा, अण्णांशिवाय कुणी हात लावायचा नाही असा. त्याच्या पात्याला एका बाजूला इवलीशी खाच होती. ती ताईनेच पाडलेली. सात वर्षांची असताना, न विचारता, खिळ्यावरून रंधा मारून. अण्णांनी कान पिळला होता, पण पातं घासून खाच काही काढली नाही. तेव्हापासून तो रंधा ते फळीच्या खालच्या अंगालाच वापरत, आणि प्रत्येक फळीला तिथे केसाएवढी उठलेली रेघ असे. गिऱ्हाइकाला दिसत नसे, घरच्यांना सवयीने दिसत नसे.

*

दहा मिनिटांत सगळे सुतारखान्याच्या ऑफिसात जमले. ऑफिस म्हणजे एक टेबल, तीन खुर्च्या आणि कॅलेंडर. दार लावून घेतलं होतं, कारण अण्णा पलीकडे स्वयंपाकघरात चहा घेत होते आणि त्यांचे कान अजून डोक्यापेक्षा चांगले चालत होते.

"दुसऱ्या अंगानं बसवू," धाकटा भाऊ आत येता येताच म्हणाला. त्याला घरात झटपट म्हणत. नाव उगाच पडलेलं नव्हतं.

"खालचं अंग कोरंच असतं, शहाण्या. ऊन लागलंय का त्याला?" ताई म्हणाली.

"मग सांगून टाका बाईंना," आत्या म्हणाल्या. त्या अण्णांच्या धाकट्या बहीण, सत्तर पार, जिभेला धार रंध्यापेक्षा जास्त. "चूक झाली म्हणावं. माणसाच्या हातून होते. त्यात काय एवढं?"

"कुणाच्या हातून झाली, असं विचारतील," ताई म्हणाली.

"दादाच्या."

"कशी झाली, असं विचारतील."

हा प्रश्न घरात चार महिने सगळे टाळत होते. अण्णांनी चष्मा डोळ्यांवर असताना चष्मा शोधला, तेव्हा सगळे हसले होते. गिऱ्हाइकाला एकाच दिवशी तीनदा नमस्कार केला, तेव्हा वयाकडे बोट दाखवलं होतं. मागच्या आठवड्यात त्यांनी आत्यांना आईच्या नावाने हाक मारली, आणि आत्यांनी निमूटपणे ओ दिली. ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. ताईने दारातून ऐकलं होतं.

"बाईंसमोर ते बोलायचं?" आत्या हळूच म्हणाल्या. "दादा तिथंच उभा असणार. त्याच्या तोंडावर? नको गं बाई. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"आत्ता तर सांगून टाका म्हणत होतात!"

"आत्ता मला सुचलं नव्हतं."

झटपट टेबलाच्या कोपऱ्यावर बसला होता. त्याची बायको दाराला पाठ लावून उभी. कमी बोलणारी, पण बोलली की नेमकं बोलणारी बाई. तिनेच विचारलं, "तसा करडा रंग आणता येतो का?"

उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. लोखंडी घासणी व्हिनेगरमध्ये भिजत टाकायची. ते पाणी सागावर फिरवलं की तासाभरात फळी करडी पडते. आधी कोऱ्या चहाचा हात दिला तर आणखी छान. पाट्या बनवणारे, हॉटेलं सजवणारे करतात तसं. अण्णांना विचारलं तर म्हणत, ते सुतारकाम नव्हे, ते नाटकातलं काम.

"घासण्यांचं पाणी आहे माझ्याकडे," झटपट म्हणाला. "बाटली भरून. त्या खानावळीच्या पाटीला वापरलं होतं."

"कधी?"

"तुला न सांगता."

"तरीच!"

"ताई, ते राहू दे. दोन तासांत करून देतो. चारच्या आत बसवू. बाईंना उभ्यानं काय कळणार आहे?"

"मी सही केलीय," ताई म्हणाली. "कागदावर लिहून दिलंय की एकूण एक फळी नैसर्गिक करडी, रंग नाही, तेल नाही. आणि बाईंनी तो कागद वाचलासुद्धा नाही. अण्णांकडे बघून घडी घातली नि ठेवून दिला."

"मग काय करायचं? जाऊन सांगायचं, की आमच्या बापाला आता स्वतःच्या फळ्या ओळखू येत नाहीत?" झटपटचा आवाज चढला आणि मग एकदम फाटला. "मला नाही जमणार. तू सांग, तुझ्यात हिंमत असेल तर."

ताईला त्याचा राग आला, आणि राग आला तो त्याचं बोलणं बरोबर होतं म्हणून. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली होती. खरं सांगितलं तर अण्णांची पत त्यांच्या देखत जाणार होती. खोटं केलं तर अण्णांनी जन्मभर जे केलं नाही ते त्यांच्या नावावर होणार होतं.

"आणि पकडलं गेलं तर?" तिने विचारलं.

"तर मी म्हणेन मीच तासल्या, मीच रंगवल्या. माझं नावच झटपट. कुणाला नवल वाटेल सांग?"

कुणी हसलं नाही. त्याच्या बायकोने मात्र त्याच्याकडे असं पाहिलं, की ताईने मान फिरवली. लहानपणापासून या घरात काहीही फुटलं की आधी त्याचंच नाव घेतलं जाई. निम्म्या वेळा फोडलेलं ताईने असे.

"चहा टाका मोठ्या पातेल्यात," ताई शेवटी म्हणाली. "कोरा. अण्णांना मी बंदरकचेरीवर घेऊन जाते. चारच्या आत फळ्या तिथे पाहिजेत."

भावजय निघाली. दारात थांबून म्हणाली, "ताई, मला वाटलं होतं तुम्ही नाही म्हणाल."

"मलाही तसंच वाटलं होतं," ताई म्हणाली.

*

बंदरकचेरी दीडशे वर्षांची. तीन बाजूंनी पाणी, आणि पाण्यावर काढलेला सज्जा. कामावरचे लोक त्याला डेक म्हणत. जुन्या फळ्या इतक्या करड्या पडल्या होत्या की ढगाळ दिवशी पाणी कुठे संपतं आणि लाकूड कुठे सुरू होतं ते कळत नसे. अण्णांच्या एकोणनव्वद फळ्या त्यांत कुठे कुठे बसवल्या आहेत, हे आता झटपटलाही शोधावं लागे.

पावणेचारला शेवटच्या अकरा फळ्या जागेवर आल्या, नुसत्या ठेवलेल्या, स्क्रूविना. ताईने लांबून पाहिलं. रंग बेमालूम जुळला होता. तिला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची तत्काळ लाज वाटली.

बाई चारच्या ठोक्याला आल्या. साध्या कपड्यांतली, पायात जाड बूट घातलेली बाई, काखेत फाइल. "आज तुमचा दिवस, अण्णा," त्या म्हणाल्या. अण्णांनी हसून चपला काढल्या.

ताईला हे आठवायला हवं होतं. नवी जमीन झाली की अण्णा तिच्यावर अनवाणी एक फेरी मारत. डोळ्यांना फसवता येतं, पायाला नाही, असं त्यांचं म्हणणं. सगळ्यांनी रंगाची काळजी केली होती, पायांची कुणीच केली नव्हती.

ते पाण्याच्या कडेने निघाले. सावकाश, हात पाठीमागे. खऱ्या करड्या फळीवर पाऊस मऊ रेषा खाऊन टाकतो आणि कठीण रेषा वर राहतात; तळव्याला बारीक लाटा लागतात. अण्णांच्या पायाखाली त्या लाटा होत्या तोवर ते चालत राहिले. मग थांबले. एक पाऊल मागे घेतलं, पुन्हा पुढे टाकलं. झटपटने ताईचा दंड घट्ट धरला.

अण्णा गुडघ्यांवर बसले. बोट ओलं करून फळीवर घासलं आणि जिभेला लावलं.

"आंबट," ते म्हणाले.

बाई फाइल मिटून जवळ आल्या. "काय झालं?"

"ही फळी खोटी आहे, बाई. रंगवलीय. ही पण." ते गुडघ्यांवरच पुढे सरकले. "ही पण. कुणी केलं हे?" आवाज असा, की पलीकडे रेलिंग घासणारे दोघे काम सोडून बघायला लागले. "माझ्या कामात नाटकातलं रंगकाम? कुणी केलं?"

"मी केलं, अण्णा," झटपट पुढे झाला. ठरल्याप्रमाणे. "चुकून तासल्या गेल्या माझ्याकडून. मग रंगवल्या. घरात कुणाला माहीत नाही."

"गाढवा!" अण्णा कडाडले. "नऊ वर्षं! नऊ वर्षं उन्हात ठेवल्या मी या, आणि तू रंधा मारलास? डोकं ठिकाणावर होतं का तुझं?"

"नव्हतं," झटपट म्हणाला.

ताईला ओरडून सांगायचं होतं की त्याला बोलू नका, तो तुमच्यासाठी ही बोलणी खातोय. आत्यांनी तोंडाला पदर लावला होता. बाई एकेकाच्या तोंडाकडे बघत होत्या, आणि त्या मूर्ख नव्हत्या.

अण्णा बोलत होते तेव्हा त्यांचा हात फळीवरून फिरतच होता, सवयीने, लांबीच्या दिशेने. अंगठा एके ठिकाणी अडला. अण्णा बोलायचे थांबले. अंगठा मागे गेला, पुन्हा पुढे आला. त्यांनी फळीच्या फटीत बोटं घालून ती उचलली आणि खालच्या अंगावरून हात फिरवला. तिथेही केसभर रेघ होती, जिथे असायची तिथेच. मग पुन्हा वरच्या अंगावरून.

"दोन्हीकडे आहे," ते पुटपुटले.

"हा रंधा तू मारलेला नाहीस," अण्णा झटपटला म्हणाले. राग पार गेला होता आवाजातून. "त्याला कुणी हात लावत नाही. तू तर लहानपणापासून घाबरतोस त्याला." मग त्यांनी ताईकडे पाहिलं. "सकाळी... घोड्यांवर होत्या त्या याच का?"

ताईने मान हलवली.

"मी केलं हे?"

"हो, अण्णा."

"मला वाटलं मळल्यात." ते फळी मांडीवर घेऊन बसले. म्हातारा माणूस, अनवाणी, भोवती आपली माणसं आणि एक परकी बाई. पाणी खाली खांबांवर आपटत होतं. "मीच ठेवल्या होत्या. मीच. आणि मला वाटलं मळल्यात."

आत्या पुढे झाल्या. "दादा, वय झालं म्हणजे होतं असं कधी..."

"तू गप्प बस जरा," ते म्हणाले, पण मायेने. डोळे ताईवरून हलले नव्हते. "मी तुला विचारलं होतं ना? कशा झाल्यात म्हणून?"

"विचारलं होतं."

"काय म्हणालीस तू?"

"छान झाल्यात म्हणाले."

अण्णांनी मान डोलावली. "फळ्या गेल्या त्याचं वाईट वाटतंय," ते म्हणाले. "पण तू माझ्याशी गोड बोललीस. लहान पोराशी बोलतात तसं. ते फार लागलं."

ताई रडली. कामावर, माणसांसमोर, बाईंसमोर रडली. आई गेली तेव्हाही ती घरात जाऊन रडली होती. झटपटने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तो पुन्हा पुन्हा "असू दे, असू दे" एवढंच म्हणत राहिला.

शेवटी ताईने डोळे पुसले आणि बाईंकडे वळली. "मी खोटं लिहून दिलंय तुम्हाला. सही माझी आहे. यांचं काही नाही त्यात. काम काढून घ्यायचं तर घ्या, पण बाकीच्या एकोणनव्वद खऱ्या आहेत. त्यांच्या आहेत."

"ते माझ्या बुटालाही कळतंय," बाई म्हणाल्या. त्या चिडल्या होत्या, आणि त्यांनी ते लपवलं नाही. "सकाळी एक फोन केला असता तर? मी काय खाणार होते तुम्हाला?" त्या थोडं चालून गेल्या, पाण्याकडे बघून परत आल्या. "रंग काढा. पूर्ण. तासलेली फळी तासलेली म्हणूनच बसू दे. पिवळी दिसेल, दिसू दे. कुणी विचारलं तर सांगू, या अकरा नंतर बसवल्या. दुरुस्ती दिसली तर मला चालते. रंग फासलेली नाही चालणार."

"किती वर्षं लागतील करडी व्हायला?" झटपटने विचारलं.

"तुमच्या वडिलांना विचारा."

"नऊ," अण्णा म्हणाले. "इथे पाणी आहे, ऊनही चोख. सातात होईल." त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं आणि ते अर्ध्यातच सोडून दिलं.

*

घोड्या टेम्पोतून उतरवल्या आणि डेकवरच मांडल्या. ऊन उतरायला अजून तास-दीड तास होता. ताईने पिशवीतून रंधा काढला. सकाळी अण्णांच्या हातून घेतलेला, तेव्हापासून तो तिच्याजवळच होता.

"तू मार," अण्णा म्हणाले. "माझ्या हातात नको देऊस."

"तुम्हीच मारायचाय."

"आणि मी पुन्हा काही..."

"मी उभी आहे ना इथं."

त्यांनी रंधा घेतला. पात्यावर अंगठा लावून बघितला. "खाच काढून टाक याची एकदा. नाहीतर चोरी नेहमी माझीच पकडली जाईल," ते म्हणाले, आणि दिवसभरात पहिल्यांदा सगळे हसले, आत्या तर हसता हसता पुन्हा रडल्या.

मग रंधा चालू लागला. तो आवाज ताईने जन्मापासून ऐकलेला. करडं पाणी मुरलेली पातळ साल सुटत गेली, खालून मधाचा रंग निघत गेला. अण्णांचे हात एकदाही अडखळले नाहीत. झटपट तासलेली फळी उचलून जागेवर नेई, त्याची बायको खालून दुसरी पुढे करी, आत्या ढलप्या पाण्यात उडू नयेत म्हणून पोत्यात भरत होत्या. बाईसुद्धा गेल्या नाहीत. फाइल कठड्यावर ठेवून उभ्या राहिल्या.

अकरावी फळी झाली. झटपटने ती नेली. घोडी रिकामी झाली.

अण्णांनी घाम पुसला आणि आजूबाजूला पाहिलं. समोर डेक पसरला होता, कडेपर्यंत करडा. ते दोन पावलं पुढे गेले, एका करड्या फळीपाशी वाकले, रंधा तिच्यावर टेकवला आणि मान वर करून लेकीकडे पाहिलं.

"या पण तासायच्या ना गं? फार मळल्यात."

झटपट जागीच थांबला. ताईच्या तोंडाशी सकाळचे ते गोड शब्द येऊन उभे राहिले. तिने ते गिळले, जाऊन त्यांच्याशेजारी गुडघ्यांवर बसली आणि त्यांच्या हातावर हात ठेवला.

"नाही, अण्णा. या तुम्ही नऊ वर्षं उन्हात ठेवल्यात. मळलेल्या नाहीत. यांना रंधा लावायचा नाही."

अण्णा त्या फळीकडे बघत राहिले. मग त्यांनी रंधा उचलला आणि तिच्या हातात दिला.

"बरं झालं सांगितलंस," ते म्हणाले.